शटरचं बटण

(महिला बचत गटांच्या उद्योग-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण कर्ज, बाजारपेठ, पॅकिंग, परवाने अशा मोठमोठ्या विषयांवर बोललो. माझ्या वाट्याला आयोजकांनी ‘कामाच्या जागेची सुरक्षितता’ असा भारदस्त विषय दिला आहे. मी मात्र बोलणार आहे फक्त शटरबद्दल. गाळ्याला असतं ते लोखंडी, गुंडाळून वर जाणारं शटर. चहानंतरची वेळ आहे, कुणाला डुलकी लागली तर मी समजून घेईन. पण ज्यांच्या गटाने गाळा घेतलाय त्यांनी जागं राहावं.

आमच्या केंद्राचा गाळा आहे. अकरा बायका तिथे पोळी-भाजीचे डबे करतात. गाळ्याला दार एकच, म्हणजे शटर. मागे एक खिडकी, तिला पक्की बसवलेली जाळी. पहाटे साडेचारला दोघीजणी येणार, कणीक भिजवणार, सातला पहिले डबे निघणार. आणि या सगळ्याच्या आधी एक काम, शटर वर ढकलायचं.

शटर नऊ फूट रुंद, आठ फूट उंच. जुनं. नुसत्या पट्ट्यांचं वजनच शंभर किलोच्या आसपास. दोघी खाली वाकायच्या, बोटं घालायच्या, ‘हं’ म्हणून जोर लावायच्या. गुडघ्यापर्यंत यायचं आणि अडकायचं. मग शेजारच्या गाळ्यातले भाऊ यायचे, एका हिसक्यात वर. पहाटे साडेचारला ते असायचेच, कारण त्यांचा दुधाचा धंदा. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते, कारण अशा गोष्टीत शेजारच्या पुरुषाला खलनायक करायची आपल्याला सवय आहे. पण रोज उठून मदत मागायची म्हटलं की बोलण्यात फरक पडतोच. “आज उशीर केलात”, “कालची ती नवी कोण?”, “बघा, माझ्याशिवाय तुमचं दुकान उघडत नाही.” हसत म्हणायचे. आमच्या बायकाही हसायच्या. नंतर पोळ्या लाटताना हसायच्या नाहीत. आणि ते गावाला गेले की त्या दिवशी डबे उशिरा.

दुसरी गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. आमच्यातल्या एकीचं अंग बाहेर येत होतं. तीन बाळंतपणं, तिसरीनंतर आठव्या दिवशी पाण्याचे हंडे. ती शटर उचलताना एक हात ओटीपोटावर धरायची. मी ते कित्येकदा पाहिलं होतं आणि मला काही कळलं नव्हतं. आरोग्य शिबिरात तपासणी झाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, “काय उचलता रोज?” ती म्हणाली, “शटर.” तिथे माझी मान खाली गेली. गर्भाशय खाली सरकलेल्या बाईने जड उचलू नये हे मी स्वतः पोस्टर दाखवून गावोगाव सांगत होते.

बैठक झाली. ठराव झाला की शटरला मोटर बसवायची. बटण दाबलं की वर, बटण दाबलं की खाली. कुणाचे उपकार नकोत. टाळ्या वाजल्या. एकच आवाज वेगळा होता, आमच्या सगळ्यांत थोरल्या मावशींचा. त्या म्हणाल्या, “लाईट गेल्यावर काय गं?” मी म्हटलं, “मावशी, त्याची काहीतरी सोय असतेच.” त्या गप्प बसल्या. सही करता न येणाऱ्या बाईने प्रश्न विचारला आणि एम.एस.डब्ल्यू. झालेल्या बाईने तो झटकून टाकला. आमच्या कॉलेजात ग्रुपवर्कच्या पेपरात याला काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे.

शटरवाला आला. त्याने सगळं बोलणं आमच्या हिशेबनीस बाईच्या नवऱ्याशी केलं. तो बिचारा फक्त तिला सोडायला आला होता आणि त्याचा शटरशी संबंध नव्हता. आम्ही पाचजणी समोर उभ्या. “साहेब, सेंटर मोटर टाकू की साईड मोटर?” साहेब आमच्याकडे बघतायत. आणि आम्हीही विचारलं नाही, की दोन्हींत फरक काय. का नाही विचारलं? लाज वाटली. यंत्राची गोष्ट म्हटली की आपण ‘तुम्हीच बघा’ म्हणून मोकळ्या होतो, आणि मग वर्षभर भोगतो.

तो फरक मी नंतर शिकले, तो आता तुम्हाला सांगते. हाताने ढकलायच्या शटरमध्ये वर आडवा दांडा असतो, त्यावर स्प्रिंगांचे डबे असतात. शटर खाली येतं तेव्हा स्प्रिंग आवळल्या जातात, वर जाताना त्या सुटतात आणि पट्ट्यांचं वजन उचलतात. म्हणजे खरं वजन आपण उचलायचंच नसतं, स्प्रिंगने उचलायचं असतं. नीट ताणलेली स्प्रिंग असेल तर शटर अर्ध्यावर सोडून दिलं तरी जवळपास तिथेच थांबतं. धाडकन खाली आलं, किंवा उचलताना जीव जातोय असं वाटलं, तर स्प्रिंग थकली आहे, नाहीतर दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांच्या खाचेत गंज आणि कणकेचा थर बसला आहे. आमच्याकडे दोन्ही होतं. दहा वर्षांत त्या स्प्रिंगला कुणी हात लावला नव्हता. तुम्हीही लावू नका बरं का! आवळलेली स्प्रिंग सुटली तर हात तोडते, ते कारागिराचंच काम. पण ‘स्प्रिंग तपास’ असं त्याला सांगणं हे आपलं काम आहे.

सेंटर मोटर म्हणजे त्याच दांड्याच्या मधोमध बसवायची मोटर. ती जुन्या स्प्रिंगांच्या जोडीने काम करते, म्हणून जुन्या ढकलायच्या शटरला सहसा तीच बसवतात. साईड मोटर एका बाजूला भिंतीजवळ बसते, साखळीने सगळा दांडा फिरवते. तिथे स्प्रिंग नसतात, दांडाच बदलावा लागतो, खर्च वाढतो. मात्र तिला हाताने ओढायची वेगळी साखळी असते. लाईट गेली की साखळी ओढून, हळूहळू का होईना, एकटी बाईही शटर वर नेऊ शकते. सेंटर मोटरला अशी साखळी नसते. तिला ब्रेक असतो आणि ब्रेक सोडायची एक तार असते. तार ओढायची, ब्रेक सुटतो, मग शटर पूर्वीसारखं हाताने उचलायचं.

पूर्वीसारखं! म्हणजे स्प्रिंग थकलेली असेल तर ते शंभर किलो पुन्हा तुमच्याच हातात. आमच्या शटरवाल्याला आम्ही स्प्रिंगचं विचारलं होतं, अगदीच नाही असं नाही. तो म्हणाला, “मोटर ओढतेय ना, स्प्रिंगवर कशाला पैसे घालवता?” आम्हाला पैसे वाचले याचा आनंद झाला. मोटर ओढत होती, हे खरंच. पण ती थकलेली स्प्रिंग झाकत होती. पाच-सहा वेळा लागोपाठ वर-खाली केलं की गरम वास यायचा आणि मोटर अर्धा तास बंद पडायची. आम्ही म्हणायचो, नवीन आहे, रुळेल.

पहिल्याच आठवड्यात आणखी एक झालं. शटरच्या दोन्ही टोकांना जुनी कुलपं होती, ती तशीच राहिली. पहाटे एकीने डावं कुलूप काढलं, उजवं राहिलं, बटण दाबलं. मोटरला कुलूप दिसत नाही. तिने ओढलं. खालची पट्टी वाकडी झाली ती आजही वाकडी आहे. मोटर बसवली की जुनी कुलपं एकतर काढून टाकायची, नाहीतर कुलूप लागलेलं असताना मोटर चालूच होणार नाही असा स्विच बसवून घ्यायचा. हे बसवणाऱ्याने सांगायला हवं होतं. आपण विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

आता त्या संध्याकाळचं सांगते. नावं मुद्दाम सांगत नाही.

संध्याकाळचे सव्वासात. आत पाचजणी, दोन शेगड्यांवर उसळ आणि भात. एकीचा नवरा दारू पिऊन आला. तो येणार याची तिला दुपारपासून धास्ती होती. आदल्या रात्री तिने पगाराचे पैसे दिले नव्हते. रस्त्यावरूनच त्याने शिव्या सुरू केल्या. मावशींनी बटण दाबलं, शटर खाली आलं. तो बाहेर राहिला. मला नंतर सगळ्या सांगत होत्या, त्या क्षणी त्यांना काय वाटलं! पूर्वी शटर ओढून खाली आणेपर्यंत तो आत आला असता. आज एका बटणावर तो बाहेर आणि आपण आत. एकजण म्हणाली, “ताई, मला वाटलं किल्ल्याचा दरवाजाच लावला.” तो पत्र्यावर लाथा घालत होता आणि या आत हसत होत्या.

दहा मिनिटांनी लाईट गेली.

पंखा बंद. अंधार. दोन शेगड्या पेटलेल्या, खिडकी तेवढी एक. मावशींनी आधी शेगड्या बंद केल्या, मग सिलेंडर बंद केला. मग तार. तार कुठे होती? शटरवाल्याने ती नीट वेटोळं करून वरच्या खिळ्याला टांगली होती, सात-साडेसात फुटांवर, ‘अंगावर लोंबायला नको’ म्हणून. तेलाचा डबा उपडा घालून त्यावर चढून ती काढली. ओढली. खट्ट झालं, ब्रेक सुटला. पाचजणी वाकल्या. शटर वीतभर उठलं आणि बसलं. पुन्हा. ज्या बाईला जड उचलायला बंदी होती, जिच्यासाठी म्हणून हे सगळं केलं, तीही त्यात होती. तिसऱ्यांदा फूटभर उठलं तेव्हा मावशींनी खाली पाटा उभा सारला. वाटणाचा दगडी पाटा. त्याच्यावर शटर तोललं. त्या फटीतून एकीने ओरडून शेजारच्या भाऊंना हाक मारली. ते आले, बाहेरून त्यांनी आणि आणखी दोघांनी लावून उचललं. नवरा तोवर पळाला होता.

मी पोचले तेव्हा सगळ्याजणी पायरीवर बसल्या होत्या, घामाने निथळत. कुणी काही बोलत नव्हतं. शेजारच्या भाऊंनीही ‘माझ्याशिवाय’ वगैरे काही म्हटलं नाही. मावशी फक्त एवढंच म्हणाल्या, “मी विचारलेलं.”

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण मला दोन बातम्या आठवत होत्या. पुण्यात कोंढव्याला ३० डिसेंबर २०१६ रोजी एका बेकरीला पहाटे आग लागली. आत झोपलेले सहा कामगार गेले, दाराला बाहेरून कुलूप होतं. उरुळी देवाचीला ९ मे २०१९ रोजी साड्यांच्या दुकानाला आग लागली, आतले पाच कामगार गेले, तिथेही कुलूप बाहेरून. ८ मार्चला आपण ज्या जुन्या लढ्यांची नावं घेतो, त्यातही न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याची आग येते. २५ मार्च १९११, १४६ जीव, बहुतेक तरुण मुली, आणि एका जिन्याचं दार कुलूपबंद. तिथे मालकांनी कोंडलं होतं. आम्हाला कुणी कोंडलं नव्हतं, आम्हीच ठराव करून, वर्गणी काढून, टाळ्या वाजवून कोंडून घेतलं होतं.

हा प्रश्न फक्त आपल्या लोडशेडिंगचा आहे असंही समजू नका. अमेरिकेत घरोघरी मोटारीच्या गॅरेजला अशी बटणावरची दारं असतात. तिथे खाली येणाऱ्या दाराखाली सापडून लहान मुलं मेली, तेव्हा १९९० साली कायदा झाला. १ जानेवारी १९९३ नंतर बनवलेल्या प्रत्येक घरगुती यंत्रात, मध्ये काही आलं तर दार उलट फिरलं पाहिजे, अशी सक्ती आली. आणि २०१७ साली कॅलिफोर्नियात वणवे पेटले, वीज गेली, गॅरेजचं दार उघडता न आल्याने काही म्हातारी माणसं आतच राहिली. त्यानंतर तिथे १ जुलै २०१९ पासून अशा यंत्राला बॅटरी सक्तीची झाली. सगळी सुखसोय असलेल्या देशातही मावशींचा प्रश्न कुणीतरी आधी झटकून टाकला होता.

आम्ही पुढे काय केलं ते सांगते.

पहिल्यांदा स्प्रिंग बदलल्या, खाचा खरवडून तेल घातलं. मोटरच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्यात काम झालं. त्यानंतर ब्रेक सोडून उचलून पाहिलं तर दोघींना सहज, आणि एकटीलाही जमेल इतकं हलकं. मी तुम्हाला खरं सांगते, हे आधी केलं असतं तर कदाचित मोटर घ्यावी लागलीच नसती. तुमच्या गटाने मोटरचा विचार केला असेल तर आधी स्प्रिंग करून घ्या आणि महिनाभर थांबा. आमच्या त्या अंग बाहेर येणाऱ्या बाईसाठी मोटर लागलीच असती, म्हणून मला पस्तावा नाही. पण क्रम चुकला.

दुसरं, तारेची मूठ आतल्या बाजूला कमरेइतक्या उंचीवर आणली आणि भिंतीवर लाल रंगाचा पट्टा मारला. दार एकच असल्याने बाहेरही तिची एक मूठ लागते, नाहीतर लाईट नसताना पहाटे आत शिरणार कसं? ती बाहेरच्या कुलपाच्या पेटीत ठेवली. शटरवाल्याला वाटलं आम्ही वेड्या आहोत, एकाच तारेला दोन मुठी कशाला. या वेळी आम्ही साहेबांना आणलं नव्हतं. त्याला आमच्याशीच बोलावं लागलं.

तिसरं, मागच्या खिडकीची जाळी कापून बिजागरीवर घेतली, कडी आतून. यावर गाळामालकाशी दोन महिने भांडण. “चोर शिरेल.” आम्ही म्हटलं, कडी आतून आहे, चोर आत असेल तरच बाहेर जाईल. शेवटी लेखी पत्र दिलं, अकराजणींच्या सह्या-अंगठ्यांसह, तेव्हा ऐकलं.

चौथं, डोळा. म्हणजे सेन्सर. शटरच्या दोन्ही बाजूंना खाली वीतभर उंचीवर बसवतात. मध्ये कुणी आलं तर खाली येणारं शटर थांबून उलट वर जातं. शाळा सुटली की आमच्या बायकांची पोरं गाळ्यावर येतात आणि खाली येणाऱ्या शटरखालून पळत जायचा खेळ खेळतात. शटरवाला म्हणाला, ते मॉलमध्ये लावतात. आम्ही म्हटलं, मॉलमध्ये पोरं असतात, तशी इथेही आहेत. फक्त एक लक्षात ठेवा. पिठाच्या धुळीने हा डोळा आंधळा होतो आणि मग शटर विनाकारण मागे फिरतं. तेव्हा कुणीतरी सल्ला देईल, ‘काढूनच टाका.’ काढू नका, रोज फडक्याने पुसा. बटणही अशा जागी हवं, की दाबणारीला पूर्ण शटर दिसेल आणि पोरांचा हात पोचणार नाही. ओल्या हाताने बटण दाबलं जातं आमच्याकडे, म्हणून अर्थिंग तपासून घेतलं.

आता राहिलं रिमोट. मोटरबरोबर दोन रिमोट आले होते. एक अध्यक्षांकडे, एक माझ्याकडे, असं आपसूक झालं. कुणी ठरवलं नाही. मी संस्थेची, म्हणून माझ्याकडे! मी तर पहाटे साडेचारला झोपलेली असते. तीन महिने अध्यक्षबाईंचा रिमोट पहाटेच्या दोघींनी रात्री त्यांच्या घरी जाऊन आणायचा. अध्यक्षबाईंचे यजमान दार उघडायचे आणि म्हणायचे, “या, किल्ली न्यायला आल्या.” शेजारच्या भाऊंची जागा दुसऱ्या कुणीतरी घेतली होती, एवढंच. यावर बैठकीत कडाक्याचं भांडण झालं, दोघी रडल्या. आता रिमोट पहाटेच्या पाळीच्या बाईकडे असतो, पाळी बदलली की वहीत नोंद करून पुढचीकडे जातो. माझा रिमोट मी परत केला. एकदा रिमोट हरवला, तेव्हा कळलं की यंत्राची सगळी जुनी नोंद पुसून उरलेले रिमोट पुन्हा जोडून घेता येतात. हरवलेला मग निकामी होतो. गट सोडून गेलेल्या बाईकडून रिमोट परत आला नाही, तरी हेच करायचं.

हे फक्त गाळ्यापुरतं नाही. माझ्याकडे मदतीसाठी आलेली एक बाई मोठ्या बंगल्यातली होती. तिथे फाटक आणि गॅरेज दोन्ही रिमोटवर. रिमोट नवऱ्याच्या खिशात. तो ऑफिसला गेला की फाटक बंद. तिला कुणी कोंडलंय असं ती म्हणत नव्हती, ‘आमच्याकडे ऑटोमॅटिक आहे’ असं म्हणत होती. उलटंही होतं, बाई माहेरून परतते आणि तिच्याकडची किल्ली चालेनाशी झालेली असते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात बाईचा राहत्या घरात राहण्याचा हक्क स्पष्ट आहे. घराबाहेर काढणाऱ्याला, घरात येऊ न देणाऱ्याला न्यायालय आदेश देऊ शकतं. तक्रार लिहून घेताना आपण ‘कुलूप बदललं का’ एवढंच विचारतो. आता ‘दार कशाने उघडतं, ते कुणाकडे असतं’ हेही विचारायला हवं. मी माझ्या फॉर्ममध्ये ती ओळ हाताने लिहून घातली आहे.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणून थांबते. फक्त एक आमंत्रण. आमच्याकडे दर महिन्याच्या एक तारखेला दुपारी साडेचारला, कामाची गर्दी नसताना, मावशी मेन स्विच बंद करतात. शटर खाली असतं. त्या दिवशी सर्वांत नवी असेल त्या बाईने अंधारात तार शोधायची, ब्रेक सोडायचा, शटर उचलायचं. बाकीच्यांनी हात लावायचा नाही, बोलायचंही नाही. मावशी मोठ्याने आकडे मोजतात. गेल्या महिन्यात बावीसपर्यंत मोजून झाले होते. ज्यांना बघायचं असेल त्यांनी येत्या एक तारखेला या, आणि पाटा बघायचा असेल तर तोही शटरशेजारीच ठेवलेला आहे.